तीन लाकडांची चौकट

पुनाजी सुताराबद्दल मला चांगलं बोलता येणार नाही. आधीच सांगून ठेवतो, मागाहून तक्रार नको. देवळीत कुणालाही विचारा, म्हणेल की पुनाजीसारखा कारागीर पंचक्रोशीत नाही. नसेल! मला काय त्याचं लोणचं घालायचंय? माणूस म्हणून तो खडूस, तोंडाचा फाटका आणि एकदा डूख धरला की न सोडणारा. मी त्याच्याबरोबर दीड वर्ष काढलं आहे, त्यामुळे मला कुणी शिकवू नये.

तसा तो बंड्या, म्हणजे बैलगाड्या, करणारा. बैलबंडीचं चाक, आरे, जू, साटा, हे त्याचं काम. बापही तेच करायचा, आजाही तेच. काळा, बुटका, कानावर पेन्सिलीऐवजी कोळशाचा तुकडा. बोलायला गेलं की आधी समोरच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघणार, जसं काही लाकूड किडकं आहे का ते तपासतोय. मग थुंकणार. मग उत्तर देणार, ते पण मन असेल तर. एकदा एका पाटलानं बंडीचं काम लवकर कर म्हणून दोनदा निरोप धाडला, तर यानं अर्धवट चाक तसंच पाटलाच्या दारात लोटून दिलं आणि म्हणाला, "घे, आता तूच पळव." असा माणूस.

मी तेव्हा वर्ध्याला शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. नाव नरहर, पण सगळे मास्तरच म्हणत. आमच्याकडचे जिनिंगवाले पुंडलिकराव चोपन्न साली कापूस व्यापाऱ्यांच्या मंडळाबरोबर जपानला जाऊन आले आणि तिथून डोक्यात घर घेऊन आले. बरोबर एक जाडजूड चित्रांचं पुस्तक. त्यात जपानी घरं. कागदाची सरकती दारं, जमिनीवर चटया, खुर्ची नाही, टेबल नाही, भिंतीवर देवाचं कॅलेंडरसुद्धा नाही. अंगणात फुलांऐवजी गोटे आणि त्या गोट्यांतून दाताळ्यानं काढलेल्या रेघा. पुंडलिकराव म्हणाले, "नरहर, बोरगाव मेघ्याच्या बाजूच्या वावरात मला हे हवं आहे. पुस्तकाप्रमाणे. एक बोट इकडचं तिकडे नको." मला इंग्रजी येत होतं, नकाशा काढता येत होता. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली आणि साहेब झालो.

लोकांनी हसायचं ते हसून घेतलं. "कागदाचा बंगला" म्हणत. मांजरीनं नख मारलं की गेलं घर, म्हणत. वैशाखात आमच्याकडे जे वारं सुटतं त्यात तंबू उडतात, तिथे कागदाच्या भिंती! पण पुंडलिकरावांपुढे कोण बोलणार? धाम नदीतले गोटे बंड्या भरभरून आले, चांद्याचं सागवान आलं, हातकागदाचे ताव आले. नागपूरहून दोन मिस्त्री आणले. पुस्तकात लिहिलं होतं की लाकडाला लाकूड खाचेत बसवायचं, खिळा मारायचा नाही. मिस्त्री पंधरा दिवस पुस्तक बघत बसले, विड्या फुंकल्या आणि पळाले.

मग कुणीतरी पुनाजीचं नाव काढलं. मी त्याला बोलावून पुस्तक दाखवलं. त्यानं चित्र उलटं धरलं, सुलटं धरलं, आणि पान माझ्या अंगावर टाकल्यासारखं परत केलं.

"यात काय हाये जी? बंडीले कुठं खिळा असते? खिळा मारला तं एका पावसाळ्यात खिळखिळी होते. हे लोकं बंडीवाले दिसते."

"ही जगातली सगळ्यात नाजूक कारागिरी आहे," मी म्हणालो.

"असंन. बंडीत मानूस बसते, यात तुमी बसान. वजन तेवढंच."

आमची पहिली भेट ही अशी. तेव्हाच मला कळायला हवं होतं की याच्याशी आपलं जमणार नाही. पण काम करायला लागला आणि माझं तोंड बंद झालं, ते पण कबूल करतो. सरकतं दार असं करायचा की करंगळीनं ढकलावं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आटतं, म्हणून खाचेत किती जागा सोडायची हे तो बोटानं चाचपून ठरवायचा. मी पट्टी घेऊन मोजायला गेलो की म्हणायचा, "मास्तर, लाकडाले तुमची पट्टी वाचता येत नाई." मजूर खी खी करून हसत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबत. असं रोज. सकाळी मी आलो की पहिला टोमणा त्याचा, संध्याकाळी शेवटचा माझा, आणि रात्री घरी जाऊन मला सुचायचं की याला अमुक उत्तर द्यायला हवं होतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. घराची मुख्य चौकट बसवायची होती. आमच्याकडे चौकट बसते तो दिवस सुताराचा असतो. मुहूर्त काढतात, आंब्याची पानं बांधतात, हळदी-कुंकू लावतात. सुतार सकाळीच आपली हत्यारं पुजून ठेवतो. मालक त्याला टिळा लावून शेला, टोपी, नारळ देतो आणि त्याच्या बायकोची ओटी भरतो. बाकी वर्षभर त्याला कुणी ओसरीवर बसा म्हणणार नाही, पण त्या दिवशी पाटावर बसवतात. मजुरी वेगळी, हा मान वेगळा. पुनाजीनं आयुष्यभर बंड्या केल्या होत्या. बंडीला चौकट नसते. एवढ्या मोठ्या घराची चौकट त्याच्या हातून पहिल्यांदाच होत होती, आणि तो मान पहिल्यांदाच मिळायचा होता. आठ दिवस तो कुणाला शिवीसुद्धा देत नव्हता, यावरून समजा. बायको बायजा पहाटेच देवळीहून बंडीत बसून आली होती, हिरवं लुगडं नेसून, केसात अबोली घालून.

मी गेलो तर चौकट उभी. दोन्ही खांब, वरची आडवी, आणि खाली उंबरठा. चांगला चार बोटं उंच, हळदीनं माखलेला.

"हा उंबरठा कुणी सांगितला?" मी विचारलं.

पुनाजीनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "सांगाले कायले पायजे? चौकट होय थे."

"माझ्या नकाशात उंबरठा नाही. पुस्तकात नाही. जपानी घरात बाहेरची जमीन सरळ आत जाते. दार खालच्या खाचेत सरकतं. हा काढा."

"चार लाकडाची चौकट असते मास्तर. तीन लाकडाची नसते."

"या घरात असेल."

तो वर बघून म्हणाला, आणि वीस मजूर ऐकत होते, "दोन खांब न् वर एक आडवं. असं तीन लाकडाचं मांडण फाशीचं असते. नागपूरच्या जेलात पायलं मी. तसं करू का?"

मजूर हसले. बायजासुद्धा पदर तोंडाला लावून हसली. पुंडलिकराव मुंबईला गेलेले, त्यांची आई आनंदाबाई हिंगणघाटच्या घरी. मालकाच्या जागी मीच होतो. आता खरं सांगतो, उंबरठा राहिला असता तर आभाळ कोसळलं नसतं. एक पत्र टाकून विचारता आलं असतं. पण त्या दिवशी मला तो जिंकलेला नको होता. बस्स. एवढंच कारण. पुस्तक, जपान, नकाशा ही सगळी वरची कल्हई.

"कापा तो," मी म्हणालो.

"मी नाई कापत."

त्याची करवत तिथेच पाटावर होती, कुंकू लावलेली. मी ती उचलली. सुताराच्या हत्याराला त्याच्या पोरानंही न विचारता हात लावायचा नसतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी जोड्यासकट पाय उंबरठ्यावर दाबला आणि कापायला लागलो. मला काय कापता येतंय! दहा मिनिटांचं काम, अर्धा तास लागला. घामानं चष्मा धुरकटला. करवतीचे दोन दात तुटले. कुणी हसत नव्हतं आता. पुनाजी हाताची घडी घालून बघत होता. शेवटी लाकूड सुटलं तेव्हा मी ते बाजूला लोटलं आणि बायजाला म्हणालो, "बाई, आज काही नाही. चौकटच झाली नाही तर मान कसला? घरी जा."

तिनं ओटीसाठी पुढे धरायचा पदर नीट घडी घालून कमरेला खोवला होता. तो तसाच ठेवून ती बंडीकडे गेली. मला वाटलं, चला, सुटलो.

पुनाजी काम सोडून जाईल अशी माझी खात्री होती. गेला असता तर बरं झालं असतं. पण तो गेला नाही! पुंडलिकरावांना शब्द दिला होता म्हणे. करवतीला नवे दात पाडून आणले आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर. फक्त माझ्याशी बोलणं बंद. अकरा महिने. मी दोन हातांच्या अंतरावर उभा असायचो आणि हा मजुराला सांगायचा, "मास्तरले सांगजो, ताव संपले." मजूर नसला तर भिंतीला सांगायचा. एकदा तर बंडीच्या बैलाला म्हणाला, "काऊन रे ढवळ्या, चटयाचं माप कोनी देईन का आपल्याले?" मी त्या बैलाकडे बघून माप सांगितलं. काय करता! अख्खं घर असं बांधून झालं. सगळी दारं करंगळीनं सरकणारी. पुंडलिकराव घर बघायला आले, दारात उभे राहिले, बाहेरची फरशी सरळ आत गेलेली बघून म्हणाले, "वा नरहर, हुबेहूब!" पुनाजी तेव्हा हत्यारं गोणपाटात बांधत होता. त्यानं ऐकलं आणि निघून गेला. मान कुणी दिला नाही, त्यानं मागितला नाही, मी आठवण केली नाही.

नंतर एक जपानी पाहुणा पण आला होता, रुईच्या गाठी बघायला. त्याच्यासाठीच खरं तर हे सगळं. बिचाऱ्याचे गुडघे दुखत होते. त्यानं खुर्ची मागितली आणि पंख्याखाली बसून सगळा वेळ पंख्याचंच कौतुक केलं.

सत्तावन्न सालच्या वैशाखात पुंडलिकरावांच्या मुलाचं लग्न झालं, यवतमाळची मुलगी, इंदिरा. वरात परत आली ती भर दुपारी. नवरी दाराशी उभी. आनंदाबाई धान्याचं माप घेऊन आल्या, उंबरठ्यावर ठेवायला, म्हणजे नव्या सुनेनं ते पायानं लवंडून आत यायचं. त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"उंबरठा कुठं हाये?"

त्या हिंगणघाटलाच राहणाऱ्या, या घरात दोनदा आल्या असतील, ते पण मागच्या दारानं, मोटार तिकडे थांबते म्हणून.

"मास्तर, घर कुठून सुरू होते थे दाखवा मले. कुठं ठेवू हे माप? पोरीनं काय फरशीले लाथ मारायची?"

मी पुस्तकातलं काहीतरी सांगायला लागलो, आत आणि बाहेर एकच असतं वगैरे. आनंदाबाई म्हणाल्या, "आत न् बाहेर एकच थे धर्मशाळेत असते." मी घाईनं एक पाट आणून आडवा टाकला. "पाटावर जेवाले बसते, मास्तर! तुमची अक्कल चराले गेली का?" पुंडलिकराव मध्ये पडले तर त्यांना म्हणाल्या, "तू गप. बिनउंबरठ्याच्या घरात मी सून नाई घेत. लागली तं रातभर झाडाखाली बशीन तिच्याजवळ." आणि खरंच त्या नवरीला घेऊन अंगणातल्या कडुनिंबाखाली बसल्या. हिंगणघाट लांब, आणि दुसऱ्याच्या घरी नवरीला नेता येत नाही, सासरी पहिलं पाऊल पडायचं असतं. पोरीच्या मुंडावळ्या घामानं कपाळाला चिकटल्या होत्या, गोट्यांचं अंगण तव्यासारखं तापलेलं, आणि वऱ्हाडी मंडळी एकमेकांच्या कानाला लागलेली.

वर्ध्यातल्या दोन सुतारांकडे माणूस धाडला. दोघंही आले, चौकट बघितली, विचारलं कुणाची. पुनाजीची म्हटल्यावर मागे सरले. "दुसऱ्याची चौकट, अन् थे बी कापलेली. त्याच्याशिवाय आमी हात नाई लावत." पैसे देऊ केले, धमकी देऊन बघितली. नाही म्हणजे नाही.

पुंडलिकराव माझ्याकडे वळले. "नरहर, मोटार घे. त्याला घेऊन ये. पाय धरावे लागले तरी धर."

देवळी अकरा मैल. सगळ्या वाटेनं मी मनातल्या मनात भांडत होतो. तो काय म्हणेल, मी काय म्हणेन. नक्की म्हणेल, नाक घास. म्हणेल, तू उंबरठा कापलास तर तूच बसव. म्हणेल, सगळ्या वऱ्हाडासमोर मान दे. तर देईन. नाइलाज आहे, देईन, पण नंतर बघून घेईन. असा सगळा हिशेब करून मी उतरलो.

बायजा दारातच तूर पाखडत होती. "आले का मास्तर! आज कोनाची करवत घ्याले आले?"

मी तिच्या सुपाला वळसा घालून पुढे गेलो. पुनाजी बाभळीखाली चाकाला आरे ठोकत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं, उंबरठा नाही म्हणून नवरी बाहेर बसली आहे, दुसरे सुतार हात लावत नाहीत. हातोडी थांबली.

"कवापासून बसली?"

दीड वर्षानंतर माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

"तास झाला."

"मंग इथं उभे काऊन राह्यले? चला." त्यानं गोणपाट उचललं, बाजूला पडलेलं सागाचं एक लाकूड खांद्यावर घेतलं. बायजाला म्हणाला, "येतं का?"

"मी एकदा गेलती तथी," ती सूप न थांबवता म्हणाली. "पोट भरलं माहं."

मोटारीत तो ड्रायव्हरशेजारी बसला. मी मागून म्हणालो, "पुनाजी, झालं गेलं गंगेला मिळालं." तो ड्रायव्हरला म्हणाला, "भाऊ, तुह्या गाडीत माशी हाये का? कवाची गुनगुन करून राह्यली."

मी वाट बघत होतो की आता अट घालेल, आता घालेल. घातली नाही. आल्याबरोबर आधी आनंदाबाईंच्या पाया पडला, नवरीकडे बघून "पानी पाजलं का पोरीले?" म्हणाला आणि कामाला लागला. खांबात खाचा पाडल्या, लाकूड बसवलं, खुंट्या ठोकल्या. मग उंबरठ्याच्या पाठीवर नवी खाच काढली, सरकती दारं उतरवून खालून चार चार बोटं कापली आणि परत चढवली. सगळं वऱ्हाड गोल करून बघत होतं. सव्वा तास. दार करंगळीनं सरकलं. उंबरठा पण होता आणि जपानही होतं. इतकं सोपं! अकरा महिने तो हे मला सांगू शकला असता. मी विचारलं असतं तर.

आनंदाबाईंनी माप ठेवलं, पोरीनं पाय लावला, धान्य आत सांडलं, बायका गलका करत आत गेल्या. पुंडलिकराव म्हणाले, "पुनाजीचा मान राहिला आहे. आण रे." ताट आलं. शेला, टोपी, नारळ, आणि बायजासाठी खण. ते ताट त्यांनी माझ्या हातात दिलं. "तू दे. तूच द्यायला हवा."

मी तयार होतो. खरंच सांगतो, रागात असलो तरी तयार होतो. सगळ्यांसमोर मी ताट पुढे केलं, बोट कुंकवात बुडवलं, आणि तो बुटका म्हणून वाकलोसुद्धा. पुनाजी करवतीचा भुसा पुसत होता. त्यानं वर बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, आणि दोन्ही हात मागे घेतले.

"नाई मास्तर."

"अरे, घे. मालकाचा मान आहे."

"मालकाचा असता तं मालकानं देल्ला असता. तुमच्या हातून नाई पायजे. मान देनाऱ्याजवळ आधी असावा लागते, मंग दुसऱ्याले देता येते." तो रागानं बोलला नाही. लाकूड कमी पडतंय असं सांगावं तसं म्हणाला. "तुमच्याजवळ नाई हाये. तुमी कुठून देसान?"

पुंडलिकराव खाली बघू लागले. आनंदाबाई दारातून म्हणाल्या, "पुनाजी, मी देईन रे माह्या हातानं." तो म्हणाला, "माय, तुमचा हात लय मोठा. पन आज बायजा संग नाई हाये. एकट्याचा घेऊन काय करू?" पाणी तेवढं मागून प्याला. जेवायला थांबला नाही, मोटारीत बसला नाही. गोणपाट खांद्यावर टाकून देवळीच्या रस्त्यानं चालायला लागला, त्या उन्हात.

मी ताट धरून उभा. बोटाला कुंकू तसंच. पंगत बसली, वाढप सुरू झालं, आणि ताट खाली ठेव म्हणायलाही कुणी आलं नाही. पुढल्या महिन्यात मी पुंडलिकरावांची नोकरी सोडली आणि शाळेत परत गेलो. पुनाजीचं ते "तुमी कुठून देसान?" माझ्या आधी शाळेत पोचलं होतं. आता दोन वर्षं झाली. रोज काहीतरी उत्तर सुचतं, आणि वर्गात पोरांसमोर फळ्याकडे तोंड करून उभा असताना कळतं की हे पण चालणार नाही.